मदत हवी आहे: पानओवा ओरेगॅनोऐवजी चालेल का?

बाल्कनीतल्या कुंडीत पानओवा बेसुमार माजलाय. भजी करून झाली, सर्दीला काढाही झाला. कुठेतरी वाचलं की यालाच 'क्यूबन ओरेगॅनो' म्हणतात, म्हणून पिझ्झ्यासाठी पानं सावलीत वाळवली. पण ती इतकी मांसल की चार दिवसांनी काळी पडून चिवट झाली! वास मात्र ओव्याचाच. खरं ओरेगॅनो पुदिना-तुळशीच्या कुळातलं, पानओवाही त्याच कुळातला. थायमॉल, कार्व्हाक्रॉल ही वास देणारी द्रव्यं दोन्हींत असतात म्हणे.

कोणी पानओवा काळा न पडता वाळवलाय का? की ताजाच चिरून सॉसमध्ये घालू? आणि पिझ्झ्याबरोबर येणाऱ्या ओरेगॅनोच्या पुड्या डबाभर साठल्यात, त्यांचा खोकल्याच्या काढ्यात काही उपयोग? सासूबाई म्हणतात, त्यात मीठ-मिरचीच जास्त.