मदत हवी आहे: ऑगस्टमध्ये ठाण्याहून अहिल्यानगर, माळशेज की पुणे?

सर्वांना सलाम. माझी ताई आणि दाजी नंदुरबारकडच्या पाड्यांवर मिशनरी म्हणून सेवा करतात. त्यांना आधार देणाऱ्या मंडळ्यांना (चर्चना) भेटायला आम्ही चौघे ऑगस्टमध्ये निघतोय. गाडी मी चालवणार, सोबत ताई, दाजी आणि सहा वर्षांची भाची. पहिला रविवार ठाण्यात आमच्याच मंडळीत, दुसरा अहिल्यानगर, तिसरा नाशिक. नाशिकहून परत समृद्धी महामार्गाने भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत येऊ, तिथे प्रश्न नाही.

अहिल्यानगरला जाताना मुरबाड-माळशेज जवळ पडतं, पण पावसात घाटात धुकं आणि दरडी. पुण्यावरून गेलो तर लांब पडेल, मात्र दौंडच्या अलीकडे केडगावला पंडिता रमाबाईंनी निराधार स्त्रिया-मुलांसाठी काढलेलं मुक्ती मिशन भाचीला दाखवता येईल. मला स्वतःला हेच पटतंय. अलीकडे कुणी दौंड-अहिल्यानगर रस्त्याने गेलंय का? अहिल्यानगरात चौघांना दोन रात्री साधी, स्वच्छ खोली कुठे मिळेल?

आणखी एक. मागच्या वेळी एका लहान मंडळीला आम्ही जेमतेम अर्धा तास दिला. तिथल्या एक आजी पेन्शनमधून दरमहा दानाचं पाकीट देतात, त्यांच्याशी बोलणंही झालं नाही. ताईच्या मनाला ते अजून लागून आहे. उपासनेनंतर घरभेटींसाठी वेळ कसा राखता? तिथल्या पाळकसाहेबांना (पास्टरना) आधी काय कळवावं? अनुभव असलेल्यांनी कृपया सांगा.