दुधीची कळी गळतेय, दोडका वाकडा होतोय (सांगली) – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

सांगलीत विश्रामबागला राहते. घरामागे थोडी जागा आहे, माती काळीभोर. मृगाला दुधी, दोडका आणि कारलं टोकलं, बांबूचा मांडव घातला. वेल असा माजलाय की शेजारच्या काकूंच्या गच्चीचा कठडा धरलाय. पानं पंजाहून मोठी. फळाचा मात्र पत्ता नाही.

दुधीला नर फुलं ढिगानं येतात. मादी फुलंही येतात, मागं बोटभर दुधी असलेली. पण ती दोन-चार दिवसांत टोकाकडून पिवळी पडते, मऊ होते नि गळते. गळलेल्या काही चिरून पाहिल्या. आत अळी नाही, काही नाही.

दोडक्याचं दुखणं वेगळं दिसतंय. वीतभर होतो, मग एका अंगाला वाकतो. वाकतो तिथं टाचणी टोचल्यासारखा ठिपका आणि त्यावर डिंकासारखा वाळलेला थेंब. काल एक उभा चिरला, तर आत बारीक पांढऱ्या अळ्या. ताटलीत टाकल्या तर काही चक्क टुणकन उडाल्या! कारल्यालाही तेच, शिवाय ते कोवळं असतानाच पिवळं होऊन फुटतंय.

दुकानातून फळमाशीचा सापळा आणला, आंब्याला लावतात तो. त्यात माशा पडतात, दोडक्याला काडीचा फरक नाही. रोज सकाळी चहाआधी नर फुलाचा पराग ब्रशनं मादी फुलाला लावते, त्याचाही उपयोग दिसत नाही. सासूबाईंच्या मते कळीला बोट दाखवलं की ती नासते. म्हणून हल्ली मूठ दाखवते, घरात शांतता राहते.

फवारणी शक्यतो नको, नातवंडं मांडवाखालीच खेळतात. जाणकारांनी सांगा, दोन्हीला एकच उपाय आहे की वेगवेगळे?

मांडवकरी:
वेगवेगळे. अळी नसलेली दुधी गळतेय म्हणजे फलधारणाच झालेली नाही. ताई, दुधी आणि दोडका संध्याकाळी फुलतात. तुम्ही सकाळी ब्रश घेऊन जाता तेव्हा दुधीच्या फुलानं मान टाकलेली असते. दिवेलागणीला जा. त्याच संध्याकाळी उमललेलं नर फूल तोडा, पाकळ्या काढा आणि मधला परागाचा भाग मादी फुलाच्या मध्यावर हलकेच फिरवा. ब्रश लागतच नाही. कारलं सकाळी फुलतं, तिथं मधमाश्या येत असतील तर तुम्हाला हात लावायचीही गरज नाही.
आणि वेल इतका माजलाय म्हणजे नत्र जास्त झालंय. युरिया टाकलात का?

धागाकर्ती:
युरिया नाही हो. ह्यांनी कोंबडीखत घातलंय, हात सैल सोडून.

मांडवकरी:
मग झालं! आता खत पूर्ण बंद. पाणीही बेतानं, बुंध्याशी साचू देऊ नका. दुधीचा शेंडा खुडा, बगलफुटी येऊ द्या. मादी फुलं त्यांच्यावरच जास्त येतात.

काळीमाती:
सापळ्याबद्दल सांगतो. आंब्याच्या सापळ्यात मिथाईल युजेनॉल या वासाच्या आमिषाची गोळी असते, त्यावर आंबा-पेरूची माशी येते. दोडक्या-कारल्याची माशी वेगळी, तिला क्यू ल्यूर हे दुसरं आमिष लागतं. गोळी बदलून घ्या, दुकानदाराला 'वेलवर्गीय भाजीची' असं स्पष्ट सांगा. पण दोन्हीत अडकतो तो नर. अंडी घालणारी मादी मोकळीच फिरते, म्हणून नुसत्या सापळ्यावर विसंबू नका.
घरच्या चार वेलांना पिशवी सगळ्यात भारी. तासगावकडं द्राक्षाच्या घडाला कागद गुंडाळतात, तसं फळ बोटाएवढं असतानाच झाकायचं. पावसात कागद टिकत नाही, जुन्या मच्छरदाणीच्या पिशव्या शिवा. तोंड देठाशी बांधा, खाली लांबीला जागा ठेवा. दोडका झपाट्यानं वाढतो.

धागाकर्ती:
मच्छरदाणी आहे, आजच शिवायला घेते. किडकी फळं खड्ड्यात पुरतेय, ते चालेल ना?

काळीमाती:
वरवर पुरू नका. अळी फळातून निघून मातीतच कोष करते, म्हणजे पुढची पिढी तुम्हीच पोसताय. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ऊन पडेल तेव्हा उन्हात ठेवा, अळ्या मेल्या की मग टाका. मांडवाखालची माती अधूनमधून खुरप्यानं हलवा, कोष उघडे पडतात. मुळांना सांभाळून, दुधीची मुळं वरच असतात.