पैसे नेमके कुठे जास्त गेले? रिचार्ज, तिकीट, सबस्क्रिप्शन, रिपेअर – आपापले अनुभव लिहा

सुरुवात मीच करते. माझे बाबा एसटीत कंडक्टर होते, आता पाटण तालुक्यात गावी एकटेच असतात. फोन साधा, बटणांचा, फक्त बोलण्यापुरता. आयुष्यभर वेबिल, म्हणजे तिकिटांचा रोजचा हिशेब, भरलेला माणूस, दोन रुपये कमी भरले तरी डेपोत जाब द्यावा लागायचा, त्यामुळे हिशेबाची सवय अजून गेलेली नाही, आलेला-गेलेला पैसा डायरीत लिहितात. २०२३ ची डायरी माझ्यापुढे ठेवून म्हणाले, "बारा महिन्यांत तेरा रिचार्ज कसे गं झाले?" बघते तर खरंच तेरा नोंदी, २ जानेवारी, मग ३० जानेवारी, मग २७ फेब्रुवारी, असं करत करत ४ डिसेंबर. १७९ रुपयांचा पॅक, मुदत २८ दिवस. २८ गुणिले १३ म्हणजे ३६४, झालं की वर्ष. पेन्शन महिन्यातून एकदाच येते पण रिचार्जची तारीख जवळजवळ दर वेळी दोन-तीन दिवस अलीकडे सरकते, आणि हे त्यांच्या ध्यानात आलं तेव्हा फार वाईट वाटलं त्यांना, पैशापेक्षा आपल्याला कुणी सांगितलंच नाही याचं. शिवाय त्या पॅकमध्ये २ जीबी डेटा होता, बाबांच्या फोनमध्ये इंटरनेटच नाही. म्हणजे न जेवलेल्या ताटाचे पैसे, वर्षात तेरा वेळा.

मला विचाराल तर महाग असणं ही एक गोष्ट आणि न दिसता पैसे जाणं ही दुसरी. महाग असेल तर आपण घेणार नाही, विषय संपला. पण मुदतीत, शेवटच्या स्क्रीनवर, आपोआप नूतनीकरणात जे जातं ते ठरवायची संधीच मिळत नाही. तर तुमच्या बाबतीत काय झालं, किती गेले, परत मिळाले का, तुम्ही काय केलं ते सगळं लिहा. कंपनीचं नाव नको, वादात मूळ मुद्दा हरवतो.

*

ताई, तुमच्या बाबांसाठी आधी हे वाचा. मी नाशिकला मोबाईलचं दुकान चालवायचो, आता बंद केलं. ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, जानेवारी २०२२ मध्ये आदेश काढला होता की प्रत्येक कंपनीने निदान एक तरी पॅक पूर्ण ३० दिवसांचा आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेला रिचार्ज करता येईल असा ठेवलाच पाहिजे. ते पॅक आले, पण ॲपमध्ये पार खाली, आणि दुकानात आम्हाला जो तक्ता मिळायचा त्यात वरच्या ओळीत २८ दिवसांचेच. गिऱ्हाईक काउंटरवर येऊन "नेहमीचा मारा" म्हणतं, आपण मारतो, माझ्याही हातून हे हजारो वेळा झालंय आणि आज ते मनाला लागतं.

दुसरं म्हणजे डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने सांगितलं की ज्यांना फक्त कॉल आणि एसएमएस हवेत त्यांच्यासाठी डेटा नसलेला वेगळा पॅक द्यायचाच, आणि अशा व्हाउचरची मुदत आधी जास्तीत जास्त ९० दिवस होती ती ३६५ पर्यंत वाढवली. जानेवारी २०२५ पासून ते पॅक मिळायला लागले. आईसाठी मी १८४९ चा घेतला, ३६५ दिवस, कॉल अमर्याद. जुलै २०२४ च्या दरवाढीनंतर तुमच्या बाबांचा १७९ चा पॅक १९९ झाला असणार, त्याचे तेरा म्हणजे २५८७. करा हिशेब.

*

७३८ रुपये वाचतील. दादा, मनापासून आभार. आजच करते. दुकानाबद्दल लिहिलंत ते प्रामाणिक आहे, त्याबद्दल वेगळे आभार.

*

थोडं वेगळं बोलतो, राग मानू नका. मी हिंजवडीत नेटवर्कचंच काम करतो. २०१६ च्या आधी १ जीबीला अडीचशेच्या आसपास द्यायचो आपण आणि ते महिनाभर पुरवून पुरवून वापरायचो, व्हिडिओ आला की डेटा बंद करायचो. आज रोज दीड-दोन जीबी मिळतंय. स्पेक्ट्रम, टॉवर, डिझेल, फायबर, सगळ्याला पैसा लागतो. त्यामुळे सरसकट लूट म्हणणं मला पटत नाही. पण २८ दिवसांचं समर्थन मलाही करता येत नाही, त्याला तांत्रिक कारण काहीच नाही, महिना म्हटला तर महिना द्या.

*

ठाण्याहून. मल्टिप्लेक्सबद्दल कुणी लिहिणार का म्हणून वाट बघत होते, मीच लिहिते. दोन मोठे, मोठी मुलगी सात वर्षांची आणि धाकटा दहा महिन्यांचा. धाकट्यासाठी नाचणीची खीर डब्यात नेलेली. तपासणीला बाईंनी डबा उघडायला लावला, वास घेतला आणि बाजूच्या टेबलावर ठेवला, म्हणाल्या बाहेरचं खाणं आत नाही. मला तो निकाल माहीत होता, ३ जानेवारी २०२३ चा सुप्रीम कोर्टाचा. थिएटरवाला बाहेरचं खाणं आणायला मनाई करू शकतो असं कोर्टाने म्हटलंय, ते आपल्याला आवडो न आवडो, पण त्याच निकालात पिण्याचं पाणी फुकट ठेवायचं आणि लहान बाळाचं खाणं आणू द्यायचं हेही आहे. मी शांतपणे तेवढंच सांगितलं. मॅनेजर आले, डबा परत मिळाला, झाकण काही मिळालं नाही. मग डबा रुमालाने झाकून आत नेला.

आत गेल्यावर फुकटचं पाणी कुठे विचारलं तर स्वच्छतागृहाच्या वाटेवर कोपऱ्यात एक मशीन, ग्लास नाहीत. ग्लास काउंटरवर, काउंटरवर रांग, आणि रांगेत उभं राहिलं की मुलीला पॉपकॉर्न दिसणारच. चौघांच्या त्या दुपारी तिकिटापेक्षा खाण्याचं बिल जास्त झालं. एवढं वाईट वाटलं की येताना रिक्षात आम्ही कुणी बोललोच नाही.

*

ठाण्याच्या ताईंना, पुढच्या वेळी बाटली घेतलीत तर छापील किंमत बघा. एकाच मापाची तीच बाटली बाहेर एक किंमत आणि आत दुसरी किंमत छापून विकता येत नाही, १ जानेवारी २०१८ पासून नियम तसा आहे. बाटलीचा नीट फोटो आणि बिल ठेवा, वैधमापन विभागाकडे तक्रार करता येते.

*

नागपूरवरून लिहितोय. मी मल्टिप्लेक्सच्या खाण्याच्या काउंटरवर चार वर्षं होतो, म्हणून तिकडची बाजू सांगतो. तिकिटाचे पैसे थिएटरचे नसतात पूर्ण, टॅक्स वजा झाला की उरलेल्यातले पहिल्या आठवड्याला साधारण निम्मे डिस्ट्रिब्युटरकडे जातात, पुढच्या आठवड्यांत त्याचा वाटा कमी कमी होत जातो, पण आताशा पिक्चर दुसऱ्या आठवड्यात टिकतो कुठे. मॉलचं भाडं, एसी, स्वच्छता हे सगळं मग काउंटरवरून काढायचं असतं, खाण्याचा पैसा सगळा आपल्याकडेच राहतो ना. हे झालं कारण. पण आम्हाला काय सांगितलेलं असायचं तर छोटा टब मागितला की आधी विचारायचं, "फक्त इतके जास्त, मोठा देऊ का?" आणि कॉम्बो किती गेले त्याचा रोज रात्री हिशेब. इंटरव्हल पंधरा मिनिटांचा, समोर शंभर माणसं, त्यात एक काका माझ्या अंगावर टब भिरकावून गेलेले. दर आम्ही ठरवत नाही हो. रागवा, नक्की रागवा, पण लेखी रागवा आणि वरती पाठवा, त्या पोराला नका बोलू.

*

कोल्हापूर. आमचं चौघा मित्रांचं पिक्चरचं तिकीट काढलं मोबाईलवरनं. सीट निवडल्या, नावं घातली, आता पैसे भरायचे म्हटल्यावर शेवटच्या पानावर आकडा वाढलेला. सोयीचे पैसे, एका तिकिटामागं, त्यावर परत १८ टक्के जीएसटी. बुकिंग एकच, क्लिक एकच, पैसे एकदाच कापले, मग ही फी चार वेळा कशी लागते? तेवढ्यात वर घड्याळ पळतंय, पाच मिनिटांत सीट जाणार, मग कोण विचार करत बसतंय, दाबलं बटण. खिडकीवर जाऊन बघितलं एकदा, तर तिथला माणूसच म्हणतोय ऑनलाईन काढा, इथं पुढच्या दोनच ओळी आहेत.

याच्यावर कोर्टात पण झालंय सगळं. राज्य सरकारनं २०१३ आणि २०१४ ला आदेश काढून ही फी घ्यायला बंदी केलेली, मुंबई हायकोर्टानं १० जुलै २०२५ ला ते आदेश रद्द केले, म्हणजे फी घेणं कायद्यात बसतंय आता. बसू दे. पण पहिल्याच पानावर पूर्ण आकडा दाखवायला काय हरकत हाय? २०२३ च्या नोव्हेंबरला केंद्रानं डार्क पॅटर्नची, म्हणजे ऑनलाईन गिऱ्हाईकाला फसवायच्या युक्त्यांची, जी तेरा प्रकारांची यादी काढलीय त्यात हा प्रकार हायच की, शेवटी शेवटी किंमत वाढवत न्यायची.

*

न्यू जर्सीहून, वरच्या प्रतिसादाला धरूनच. इथे १२ मे २०२५ पासून कार्यक्रमांच्या तिकिटांना सगळ्या फीसकट एकूण किंमत आधीच दाखवायची सक्ती झाली. मुलाला एका स्टेडियममधल्या कॉन्सर्टला जायचं होतं, पहिल्याच स्क्रीनवर पूर्ण आकडा आला. स्वस्त झालं का, अजिबात नाही. पण आम्ही दोघांनी तिथेच बघितलं आणि नको म्हटलं, तो पैसा त्याच्या सायकलीला गेला. आधी हेच चेकआउटपर्यंत नेऊन मुलाच्या डोळ्यांत पाणी आणायचे.

*

फोंड्याहून, थोडक्यात. २०१९ च्या फेब्रुवारीत टीव्हीचे चॅनल वेगवेगळे निवडता येतील म्हणाले तेव्हा आईने कॅलेंडरच्या मागे तिला हवे ते नऊ चॅनल लिहून काढले होते. चॅनल नऊ, पण आधी जोडणीचेच १३० अधिक जीएसटी, १५३ रुपये ४० पैसे, मग त्यावर चॅनलचे. आणि सुटे घेतले तर पॅकपेक्षा महाग पडतील असे दर. शेवटी पॅकच घेतला. अर्ध्या चॅनलांची भाषा आमच्या घरात कुणालाच येत नाही.

*

छत्रपती संभाजीनगरहून लिहितो आहे. लिहू की नको करत होतो. वडील गेले, त्यानंतर जवळजवळ दीड वर्षाने बँकेत खातं बंद करायला गेलो तर पासबुकात एका व्हिडिओ ॲपचे १४९९ दोनदा. एक ते असतानाचा, एक ते गेल्यानंतर आठ महिन्यांनी. रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, ऑक्टोबर २०२१ पासून, की असे आपोआप जाणारे पैसे कापण्याआधी २४ तास कळवायचं. कळवलंही असेल. पण तो मेसेज वडिलांच्या फोनवर, आणि तो फोन कपाटात त्यांच्या चष्म्याशेजारी बंद पडलेला.

ॲपच्या चॅटवर मी लिहिलं की ज्यांच्या नावाने आहे ते हयात नाहीत. उत्तर आलं, कृपया नोंदणीकृत मोबाईलवरून ओटीपी द्या. पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच. चौथ्या वेळी मी फोन ठेवून दिला आणि गॅलरीत जाऊन बसलो. मग बहिणीने १९१५ ला फोन लावला, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन, मराठीत बोलतात, मृत्यूचा दाखला आणि पासबुकाचं पान अपलोड केलं, तेवीस दिवसांनी पैसे आईच्या खात्यात आले. घरात कुणी गेलं असेल तर इतर कागदपत्रांबरोबर ही मॅन्डेटची, म्हणजे खात्यातून आपोआप पैसे कापायला दिलेल्या परवानग्यांची, यादीही बँकेतून काढून घ्या, आणि सिम लगेच बंद करू नका. हे कुणी सांगत नाही म्हणून लिहिलं.

*

दादा, वाचून डोळे भरले. वर सगळ्यांना दिसेल असं लावते हे.

*

रत्नागिरी, झेरॉक्स आणि सेतूची कामं करतो. सातबारा, दाखले, परीक्षेचे फॉर्म, दिवसाला दीडशे-दोनशे पानं. पहिला प्रिंटर स्वस्त म्हणून आणला, आणि काळी-रंगीत कार्ट्रिजची जोडी घ्यायला गेलो तर प्रिंटरच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त. बरं, संपलं म्हणून दिवा लागला तेव्हा मी एक कार्ट्रिज करवतीने कापलं, आतला स्पंज दाबला तर बोटं काळी झाली, शाई होती अजून. ते मोजतं कोण, तर चिप. मग बाहेरून रिफिल करून घेत होतो, सहा महिने मस्त चाललं, एक दिवस अपडेट आला आणि स्क्रीनवर अस्सल कार्ट्रिज नाही म्हणून प्रिंटच थांबवली. दहावीचे फॉर्म भरायचे दिवस, दारात वीस पोरं. त्या दिवशी शेजारच्या दुकानातून प्रिंट आणून दिल्या.

आता टँकवाला घेतलाय, शाई बाटलीतून ओतायची, उरलेली डोळ्यांना दिसते. घेताना महाग पडला पण दीड वर्षात वसूल झाला. घरासाठी प्रिंटर घेणाऱ्यांनी दुकानदाराला आधी शाईचा भाव विचारावा, प्रिंटरचा नंतर.

*

सोलापूर, रिक्षा चालवतो, मुलगी टाइप करून देत आहे. फोनवरच भाडी येतात म्हणून १६ हजारांचा फोन हप्त्यावर घेतला. चौदाव्या महिन्यात रात्री अपडेट घेतला, सकाळी स्क्रीनवर उभी हिरवी रेघ. पडला नाही, पाण्यात गेला नाही. सर्व्हिस सेंटरला म्हणाले वॉरंटी संपली, डिस्प्ले ९२०० रुपये. म्हटलं अपडेट तुम्हीच पाठवला. म्हणाले तसं सिद्ध होत नाही. बाहेर लोकल बसवला तर चार हजारात होतोय पण मग टच उन्हात चालत नाही असं स्टँडवरच्या दोघांनी सांगितलं, आणि आमचं काम सगळं उन्हात.

आता रेघ घेऊनच चालवतोय, गिऱ्हाईकाचा ओटीपी टाकताना एक आकडा रेघेखाली जातो, विचारून घ्यावं लागतं. केंद्र सरकारचं राईट टू रिपेअरचं पोर्टल आहे म्हणे, २०२२ पासून, त्यावर मुलीने बघितलं, आमच्या कंपनीचे सुटे भाग कुठे मिळतात ते काही स्पष्ट सापडलं नाही. मग वर वाचून काल १९१५ ला लावला. बिल, वॉरंटी कार्ड आणि रेघेचा फोटो मागितला, दिला, तक्रार नंबर मिळाला आहे. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला फी लागत नाही असं त्या बाईंनी सांगितलं, पण तारखेला गेलो की त्या दिवसाचा धंदा बुडतो, म्हणून आधी याचं उत्तर बघतो. आलं की मुलगी इथेच लिहील.