एका मोठ्या एअर गनऐवजी अनेक लहान गन का?

प्रश्न (फोंडा): भूशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात आम्हाला सागरी भूकंपीय सर्वेक्षण (ध्वनी पाठवून समुद्रतळाखालच्या खडकांचे थर शोधणे) शिकवले जाते. जहाजामागे वीस-तीस एअर गन (दाबलेली हवा पाण्यात सोडून ध्वनी काढणारी साधने) ओढण्याऐवजी हवेच्या कप्प्याच्या तेवढ्याच एकूण आकारमानाची एकच गन का वापरत नाहीत? आणि गन अनेकच लागत असतील, तर त्या एकाच मापाच्या का नसतात? सुट्या भागांच्या दृष्टीने ते सोयीचे झाले असते.

उत्तर (वास्को): माझी बारा वर्षे अशा जहाजाच्या मागच्या डेकवर गन मेकॅनिक म्हणून गेली, त्यामुळे सुट्या भागांचा मुद्दा मला अगदी पटतो, तरीही एकच मोठी गन हा तोट्याचा व्यवहार आहे. गनमधून दर चौरस इंचाला सुमारे २००० पौंड दाबाची हवा एकदम पाण्यात सुटते, परंतु ध्वनीचा दाब साधारणपणे आकारमानाच्या घनमुळाच्या प्रमाणातच वाढतो. म्हणजे ८०० घन इंचांची गन १०० घन इंचांच्या गनच्या जेमतेम दुप्पट दाब देते, तर तेवढ्याच हवेत १०० घन इंचांच्या आठ गन पुरेशा अंतरावर ठेवून एकाच क्षणी उडवल्यास खालच्या दिशेने जवळजवळ आठपट दाब मिळतो.

मापे वेगवेगळी असतात ती बुडबुड्यामुळे. सुटलेली हवा फुगते, पाण्याच्या दाबाने आक्रसते, पुन्हा फुगते आणि दर आक्रसण्याला नवा ठोका देते. हा दुसरा ठोका सेकंदाच्या दहाव्या भागाने आला आणि खडकातील वेग सेकंदाला २००० मीटर धरला, तर ध्वनी जाऊन परत येत असल्याने प्रत्येक खऱ्या थराखाली १०० मीटरवर एक खोटा थर उमटतो. लहान बुडबुडा लवकर आक्रसतो, मोठा उशिरा. त्यामुळे मापे निरनिराळी ठेवली की पहिला ठोका सर्वांचा एकत्र पडतो आणि पुढचे ठोके मागेपुढे होऊन एकमेकांना बरेचसे मारतात. आरतीत समेवर सगळ्या घुमटांची (गोव्यातील मातीच्या तालवाद्यांची) थाप एक पडते, पण आस, म्हणजे मागे रेंगाळणारा नाद, ज्याची त्याची, तसेच हे.

उत्तर (पणजी): यात खोलीचाही विचार हवा. वर गेलेला ध्वनी पाण्याच्या पृष्ठभागावरून उलटा होऊन परततो आणि मूळ ध्वनीत मिसळतो. गन ६ मीटर खोल असेल, तर सरळ खाली जाणाऱ्या ध्वनीतील १२५ हर्ट्झच्या आसपासची वारंवारता त्यामुळे जवळजवळ नाहीशी होते. शिवाय ‘खालच्या दिशेने’ याचा अर्थ बाजूला शांतता असते असा कोणी घेऊ नये. म्हणूनच ब्रिटनच्या मार्गदर्शक तत्त्वांत डॉल्फिनसारख्या प्राण्यांना दूर जाता यावे यासाठी किमान २० मिनिटे आवाज टप्प्याटप्प्याने वाढवण्याची अट आहे.

प्रश्नकर्ता: म्हणजे दोन सारख्या गन शेजारी कधीच लावत नाहीत का?

उत्तर (वास्को): मुद्दाम लावतात. दोघींत मीटरभरापेक्षा कमी अंतर ठेवले की त्यांचे बुडबुडे एकमेकांत गुंततात आणि दुसरा ठोका मंदावतो.