मदत हवी आहे: तारण गमावता येतं का? बायबलमधल्या इब्री 6 आणि योहान 10 यांचा मेळ कसा लावायचा?

अभ्यासवर्गासाठी टिपण करतोय. योहान 10:28 नुसार मेंढरांना ख्रिस्ताच्या हातातून कोणी हिसकावून घेऊ शकत नाही. इब्री 6:4-6 नुसार मात्र पवित्र आत्म्याचे भागीदार झालेले पतित झाले, तर त्यांना पश्चात्तापाकडे परत आणणं अशक्य. मी दोन रकाने केलेत: कॅल्विनवादी (जॉन कॅल्विनच्या परंपरेतले) ‘नाही’, आर्मिनियन (डच धर्मशास्त्री आर्मिनियसच्या विचारांचे) ‘हो’. कॅथलिक आणि लुथरन कुठे टाकू? जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद 1
दोन रकान्यांत हे बसणार नाही. त्यापेक्षा एकच नमुना सगळ्यांपुढे ठेवा: वीस वर्षं विश्वासात असलेल्या माणसाने ख्रिस्ताला उघड नाकारलं. त्याचं काय?

डॉर्टच्या सिनोदची (कॅल्विनवादी धर्मसभा, 1618-19) परंपरा म्हणेल, त्याचा नवा जन्म झालाच नव्हता (1 योहान 2:19), किंवा तो मरणाआधी परत येईल. दावीद आणि पेत्र यांच्यासारखं गंभीर पतन डॉर्टला मान्य आहे, कायमचं नाही. ‘एकदा तारण, कायमचं तारण’ म्हणणाऱ्यांपैकी काही जण मात्र म्हणतात, नाकारलं तरी तो तारलेलाच. या दोघांना एकाच रकान्यात टाकणं ही सर्रास होणारी चूक.

लुथरन म्हणतील, विश्वास खरा होता, तो गेला, परत मिळू शकतो (ऑग्सबर्ग कबुलीजबाब, 1530, कलम 12). कॅथलिकांचा प्रश्नच वेगळा. ट्रेंटच्या परिषदेने 1547 मध्ये सांगितलं की विश्वास शाबूत असतानाही घोर पापाने कृपा जाते. ती प्रायश्चित्त संस्काराने परत मिळते.

आर्मिनियन रकान्यात तारीख जपून घाला. आर्मिनियसच्या अनुयायांच्या 1610 च्या निवेदनातल्या पाचव्या कलमाने हा प्रश्न अधिक अभ्यासासाठी खुला ठेवला होता. ठाम ‘हो’ 1618 मध्ये आलं. खुद्द आर्मिनियस 1609 मध्येच वारला होता.

धागाकर्ता
आभारी आहे. इब्री 6:6 मधल्या ‘जर’मुळे तो नुसता काल्पनिक इशारा आहे, असं म्हणता येईल का?

प्रतिसाद 2
त्या ‘जर’वर भार टाकू नका. मूळ ग्रीकमध्ये तिथे ‘जर’ नाहीच. पाच धातुसाधितांची रांग आहे: प्रकाश मिळालेले, चव घेतलेले, भागीदार झालेले, पुन्हा चव घेतलेले आणि पतित झालेले. पहिली चार खरी घडलेली आणि पाचवं तेवढं काल्पनिक, हे पटवणं अवघड.

पण तारण जातं म्हणणाऱ्यांनाही हा उतारा सोपा नाही, कारण इथे परतीची वाट ‘अशक्य’ आहे. जॉन वेस्लीच्या (मेथडिस्ट, आर्मिनियन विचारांच्या) परंपरेत पतित माणूस परत येऊ शकतो, म्हणून त्यांना त्या शब्दाचा खुलासा करावा लागतो. काही जण ‘पुन्हा वधस्तंभावर खिळत असताना’ हे वर्तमानकाळी रूप धरून ‘जोवर ते खिळत आहेत तोवर अशक्य’ असा अर्थ लावतात. व्याकरणाने तसं वाचता येतं, पण मला ते थोडं ओढूनताणून वाटतं.

वाचन 6 व्या वचनावर थांबवू नका. 7-8 मध्ये एकाच पावसाने पीक आणि काटे देणारी जमीन आहे. 9 मध्ये वाचकांविषयी ‘याहून चांगल्या’ गोष्टींची खात्री. डॉर्टवाले इथेच बोट ठेवतात: पाऊस मिळाला, जमीन मात्र वेगळी होती.

योहान 10 मध्ये आर्मिनियन म्हणतात, बाहेरच्याने हिसकावणं वेगळं, स्वतः निघून जाणं वेगळं. त्यावर उत्तर त्याच 28 व्या वचनात आहे: ‘त्यांचा कधीही नाश होणार नाही’, आणि तिथे कोणामुळे हे म्हटलेलंच नाही. आर्मिनियन मग 27 कडे वळतात: हे वचन ऐकणाऱ्या, मागे चालणाऱ्या मेंढरांना आहे. वर्गात 27 ते 29 सलग वाचा.