मदत हवी आहे: शूटिंग रेंजचा लायबिलिटी इन्शुरन्स कुणी काढलाय का?

रंकाळाकाठ
महिना झाला फिरतोय, तीन ठिकाणी नकार. ज्या शाळेच्या हॉलमध्ये आमची रेंज आहे त्या संस्थेचं पत्र आलंय, ३१ तारखेच्या आत थर्ड पार्टी विम्याची कॉपी द्या नाहीतर हॉल खाली करा. एका ऑफिसात तर बाईंनी फॉर्मवर 'शूटिंग' वाचलं आणि पुढचं पान न उलटताच फॉर्म परत सरकवला. २२ पोरं येतात, चार जण राज्य स्पर्धेच्या तयारीत आहेत. ओळखीचा एजंट असेल तर नंबर व्यनि (खासगी निरोप) करा, लवकर.

माळावरचा_दगड
कसली रेंज? काडतुसाची पॉइंट टू टू की हवेवरची एअर? लायसन कुणाच्या नावावर?

रंकाळाकाठ
एअरच हो, १० मीटर, पाच लेन. शाळेत दुसरं काय असणार. ४.५ मिमीच्या रायफली, २० ज्यूलच्या आत, त्यांना २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे लायसन लागत नाही.

सुमी_कराटे
एवढी धावपळ कशाला, ग्रुप पर्सनल अॅक्सिडेंट काढा. मी माझ्या क्लासला दरवर्षी काढते, स्वस्तात होतो.

विमावाला_काका
ताई, तो वेगळा. त्यात तुमच्या पोराला लागलं तर पोराला पैसे मिळतात. बाहेरच्या माणसाचा डोळा गेला आणि त्याने क्लबवर केस केली तर त्यातून दमडी मिळणार नाही. संस्था त्या बाहेरच्या माणसासाठीचाच विमा मागतेय.

सुमी_कराटे
मान्य, पण पोराला लागलं तर दवाखान्याचं बिल आधी कोण भरणार? दोन्ही लागतात असं म्हणा ना.

विमावाला_काका
बरं, दोन्ही. फक्त तुमच्या अॅक्सिडेंटवाल्यात मेडिकलचं कलम वेगळं मागून घ्यावं लागतं, नाहीतर मृत्यू आणि अपंगत्वावरच थांबतं. रंकाळाकाठ, फॉर्मवर कामाचं वर्णन काय लिहिलंत?

रंकाळाकाठ
'शूटिंग रेंज'. दुसरं काय लिहिणार?

विमावाला_काका
तिथेच अडलंय. अंडररायटर, म्हणजे कंपनीत धोका तोलून हो-नाही ठरवणारा, तुमचा हॉल बघत नाही, कागद बघतो, त्याच्या डोळ्यासमोर काडतुसं येतात. '१० मीटर एअर रायफल व पिस्तूल प्रशिक्षण, काडतुसाचं एकही हत्यार नाही' असं लिहा. पब्लिक लायबिलिटी नॉन-इंडस्ट्रियल मागा, १९९१ च्या कायद्याची नव्हे, ती घातक रसायनवाल्यांची. आणि एजंट सोडा, ब्रोकर धरा, तो एकाच वेळी बऱ्याच कंपन्यांना विचारतो.

वकिली_डोकं
पालकांकडून स्टॅम्पपेपरवर 'इजा झाली तर क्लब जबाबदार नाही' असं लिहून घेतलंय म्हणून निर्धास्त राहू नका. बापाने सही केली म्हणून पोराचा स्वतःचा हक्क जात नाही, आणि व्हरांड्यातून जाणाऱ्याने तर काहीच लिहून दिलेलं नसतं.

भुदरगडकर
आपल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेमबाजीत ब्रॉंझ आणलं, तेजस्विनी सावंत २०१० ला म्युनिकमध्ये वर्ल्ड चॅम्पियन झाली, आणि त्याच कोल्हापूर जिल्ह्यात पोरांना एक हॉल टिकवता येईना. जीव तुटतो हो.

आईची_धावपळ
विषय निघालाच आहे तर, माझी मुलगी ११ वर्षांची, चष्मा आहे, शूटिंग जमेल का?

माळावरचा_दगड
जमेल, चष्मा लावून कितीतरी जण मारतात. पण वेगळा धागा काढा प्लीज. रंकाळाकाठ, तीनही जणांनी कागदावरूनच नाही म्हटलं का?

रंकाळाकाठ
दुसऱ्या कंपनीचा सर्व्हेअर येऊन गेला होता. टार्गेटमागची पत्र्याची प्लेट बघितली, खालच्या ट्रेमधले चपटे छर्रे हातात घेतले, काही बोलला नाही. मग टार्गेटकडच्या दाराचे फोटो काढले.

विमावाला_काका
कुठलं दार??

रंकाळाकाठ
टार्गेटच्या बाजूला छोटं दार आहे. शिपाईमामा तिकडून स्टोअरमध्ये खडूचे खोके आणायला जातात. फायर चालू असताना कुणी जात नाही, सगळ्यांना माहितीय. कडी बाहेरून आहे.

विमावाला_काका
अहो हे पहिल्या पोस्टमध्ये सांगायचं! बाहेरून कुणीही उघडून थेट फायरसमोर येणार. मी असतो तर मीही नाकारलं असतं. आतून बोल्ट मारा, बाहेर लाल दिवा लावा, फोटो फॉर्मला जोडा. रायफलींच्या हवेच्या सिलिंडरच्या मुदतीच्या तारखाही बघा.

रंकाळाकाठ
दार डोक्यातच आलं नव्हतं, सहा वर्षं तसंच आहे. आज सुताराकडून वर-खाली दोन बोल्ट मारून घेतले, मामांना स्टोअरची दुसरी वाट दिली. सिलिंडर बघितले, दोन १० वर्षांच्या वरचे निघाले, बाजूला काढले. सोमवारी ब्रोकरकडे जातोय. पॉलिसी माझ्या नावावर की क्लबच्या?

विमावाला_काका
क्लबच्या, आणि संस्थेचं नाव अॅडिशनल इन्शुअर्ड (त्याच पॉलिसीत संरक्षण मिळणारा जोडीचा) म्हणून घालायला सांगा, केस झाली तर नोटीस दोघांना जाणार. एका अपघाताची आणि अख्ख्या वर्षाची मर्यादा वेगवेगळी असते, संस्थेला कुठली किती हवी ते लेखी घ्या. पॉलिसीत खंड पडू देऊ नका, क्लेम आला त्या दिवशी ती चालू असावी लागते. प्रीमियमवर १८ टक्के जीएसटी धरा.

रंकाळाकाठ
संस्थेला आत्ताच मेल टाकतो. सोमवारी काय होतं ते इथेच लिहितो.