फौजींच्या ट्रंकेतलं सामान म्हणजे मढ्याच्या टाळूवरचं लोणी? अजिबात नाही!

कृष्णाकाठ:
परवा इथे एकाने लिहिलं की लढाईवरून शिपाई जे काही घरी घेऊन आले, बकलं, घड्याळं, नोटा, टोप्या, ते सगळं मढ्याच्या टाळूवरचं लोणी आहे आणि ज्यांच्या घरात असल्या वस्तू आहेत त्यांनी त्या गुपचूप नदीत सोडून द्याव्यात. खाली वा वा करणारे पण भरपूर. गप्प बसणार होते पण राहवत नाही.

माझे आजोबा ३/५ मराठामध्ये होते, म्हणजे पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन. १९४१ला आफ्रिकेत एरिट्रियातलं केरेन, १९४४ला इटली. यशवंत घाडगेंची बटालियन तीच, ज्यांनी १० जुलै १९४४ला टायबरच्या खोऱ्यात एकट्याने मशीनगनची पोस्ट घेतली आणि तिथेच गोळी लागून गेले, व्हिक्टोरिया क्रॉस मागाहून आला. आजोबांच्या ट्रंकेत एक जर्मन बकल आहे. मधे गरुड, त्याच्या पायात ते नाझी चिन्ह, वरच्या बाजूला गोलात जर्मनमध्ये 'देव आमच्याबरोबर आहे' असं कोरलेलं, एक कोपरा चेपलेला. सरकारने दिलेली मेडलं आजोबांनी आम्हा पोरांना खेळायला दिली होती, बकलाला मात्र कुणाला हात लावू दिला नाही. त्याच्याबरोबर एक फोटो आहे, कातरलेल्या कडांचा, बाई आणि दोन लहान मुलं, मागे जांभळ्या शाईत काहीतरी लिहिलंय. आजी सर्वपित्रीला घरच्या पानांशेजारी एक पान त्या फोटोसमोर वाढायची. हे लोणी खाणाऱ्याचं घर का?

आणि आमच्याकडे काय परत आलं ते पण बघा. साताऱ्याचं अपशिंगे मिलिटरी, पहिल्या महायुद्धात एका गावातली ४६ माणसं गेली. गेलेल्याच्या घरी काय, तर ब्राँझची एक चकती. बाकी ट्रंका, पत्रं, अंगावरचं काही नाही. आमचे लोक काय मागायला गेले कुणाकडे?

साधा_प्रश्न:
बकल ठेवा, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. फोटोचं बोला. १९२९च्या जिनिव्हा करारात सरळ लिहिलेलं होतं की मेलेल्यांच्या अंगावर सापडलेल्या खासगी वस्तू गोळा करून समोरच्या पक्षाला द्यायच्या, ओळखीच्या बिल्ल्याचा अर्धा भाग सुद्धा. तो फोटो तुमच्या आजोबांचा कधीच नव्हता. पान वाढलं ही आजींची माया, मान्य, पण त्या दोन मुलांना त्यांचा बाप कुठे पडला हे कळलं का? इटलीतल्या फ्युटा पासच्या कब्रस्तानात ३० हजारांवर जर्मन आहेत. तुमच्या ट्रंकेत कदाचित त्यातल्या एकाची ओळख पडून आहे.

अमेरिकेत बघा, जपानी शिपायांच्या अंगावर झेंडे असायचे, घरच्यांनी शेजाऱ्यांनी सह्या करून दिलेले. अमेरिकन सैनिकांनी ते घरी नेले, आणि आता त्यांचीच मुलं नातवंडं ओरेगॉनच्या ओबॉन सोसायटीमार्फत जपानला परत पाठवतायत. त्यांना जमतं, आपल्याला काय झालं?

कृष्णाकाठ:
आजोबांनी तो फोटो कुणाच्या खिशातून काढला हे तुम्हाला कुणी सांगितलं? खंदकात पडलेला मिळाला असेल, कैद्याने स्वतः दिला असेल. त्यांनी कधी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. न सांगण्यातच सगळं आलं.

फौजीची_लेक:
माझे वडील १ मराठा, जंगी पलटण, १९७१, आताच्या बांगलादेशातलं जमालपूर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आपल्या ब्रिगेडियर क्लेरांनी पाकिस्तानी कमांडरला चिठ्ठी पाठवली की वेढा पडलाय, शरण या. ३१ बलुचच्या कर्नल सुलतानने उत्तर पाठवलं आणि कागदात एक गोळी गुंडाळून दिली, की पुढच्या वेळी हातात पेन नको, स्टेनगन घेऊन या. रात्री ते वेढा फोडून निघाले आणि समोर आमची पलटण बसलेली. त्या रात्रीबद्दल वडील एवढंच म्हणायचे की सकाळी रस्त्यावर पाय ठेवायला जागा नव्हती.

त्यांनी काय आणलं तर एक पांढरा इनॅमलचा मग. निळी कड, बुडाला उर्दूत शिक्का, कानाजवळ टवका उडालेला. शेवटपर्यंत त्याच मगात दाढीचं पाणी घ्यायचे. आईला तो मग घरात नको होता, ती म्हणायची कुणाच्या तोंडाचा आहे कुणास ठाऊक. तरी काढला नाही. मला वाटतं त्यांना रोज सकाळी तो दिसायला हवा होता.

पण एक सांगते, कृष्णाकाठताई, तुमच्या बाजूने बोलणाऱ्यांना हे आवडणार नाही. ९३ हजार कैदी होते तेव्हा. कैद्याचं घड्याळ, अंगठी, पाकीट त्याचंच राहतं, जिनिव्हा करार कलम १८. आणि तरी काही जणांनी सिगारेटच्या पाकिटावर घड्याळं 'विकत' घेतली. वडील नावं घ्यायचे नाहीत, पण त्यांच्याशी नंतर कधी बोललेही नाहीत. तेव्हा सगळेच धुतल्या तांदळासारखे नव्हते.

वसईकर:
बकल आणि मगावरून एवढं रामायण चाललंय म्हणून विचारतो, आमच्या घंटांचं काय? १७३९ला चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि आमच्या चर्चच्या घंटा उतरवून सरदार घेऊन गेले. नाशिकला नारोशंकराच्या देवळात, भीमाशंकरला, मेणवलीला नाना फडणवीसांच्या घाटावर. मेणवलीच्या घंटेवर मारियामाता आणि बाळ येशू अजून दिसतात. शिपाई ट्रंकेतून आणतो ते आठवणीतलं सामान आणि सरदार हत्तीवरून आणतो ती विजयाची खूण, पण ज्याचं गेलं त्याला दोन्ही सारखंच.

गोदाकाठ:
नारोशंकराची घंटा आम्ही लहानपणापासून बघतोय, १७२१ साल आहे तिच्यावर. पावणेतीनशे वर्षं ती नाशिकची आहे, तिच्याशिवाय गोदाघाट डोळ्यांसमोर येत नाही. आता ती वसईला द्या म्हणायचं तर नाशिककरांच्या आठवणीचं काय करायचं? त्यांची आठवण काय कमी दर्जाची?

किल्लेदार:
वसईकर, पोर्तुगीजांनी देवळं पाडली, बाटवाबाटवी केली, गोव्यात इन्क्विझिशन चालवलं, ते विसरलात? वसईच्या मोहिमेत मराठ्यांची हजारो माणसं कापली गेली तेव्हा कुठे किल्ला हाती आला. त्या घंटा त्या रक्ताचा मोबदला आहेत. एक इंच हलणार नाही. आणि अप्पांनी किल्ल्यातल्या लोकांना बायकापोरांसकट, सामानासकट सन्मानाने जाऊ दिलं, हे पण लिहा ना.

वसईकर:
लिहितो की. अप्पांचा मोठेपणा आम्हीही घरात सांगतो. पण पोर्तुगीज निघून गेले, आम्ही राहिलो. आम्ही इथलेच, घरात कादोडी बोलतो, शाळेत मराठी शिकलो. ती घंटा लिस्बनच्या राजाला उठवत नव्हती, माझ्या खापरपणज्याला पहाटेच्या मिस्साला उठवत होती. दरवेळी आम्हाला पोर्तुगीजांच्या पापाचा हिशोब का द्यायचा?

आणि २०२४ला लंडनहून वाघनखं साताऱ्याला आली, ती सुद्धा तीन वर्षांच्या बोलीवर, तेव्हा आपण सगळ्यांनी म्हटलं की आमचं आम्हाला द्या, उसनं कसलं देता. मी पण म्हटलं. रघुजी भोसल्यांची तलवार २०२५ला लिलावात पैसे मोजून सोडवून आणली, तेव्हा पण आनंद झाला. मग तोच न्याय नाशिकला का नाही?

किल्लेदार:
इंग्रजांनी लुटलं आणि मराठ्यांनी जिंकलं, यात फरक न कळणाऱ्याशी काय बोलायचं.

साधा_प्रश्न:
इंग्रज पण हेच म्हणतात, की आम्ही जिंकलं.

किल्लेदार:
तुम्ही इंग्रजांचे वकील व्हा. मी निघालो.

फौजीची_लेक:
अहो, १७३९वर भांडताय आणि इथे ज्यांचे वडील-आजोबा अजून फोटोत आहेत त्यांचा विषय बाजूला पडला. घंटा कुणा एका माणसाची नसते. इनॅमलचा मग, फोटो, पाकीट हे एका माणसाचं असतं. कारगिलला टायगर हिलवर पाकिस्तानी कॅप्टन कर्नल शेर खान (कर्नल हे त्याचं नावच) मारला गेला, आपल्या ब्रिगेडियर बाजवांनी त्याच्या खिशात चिठ्ठी घालून मृतदेह परत पाठवला, की हा शौर्याने लढला, आणि पाकिस्तानने त्याला निशान-ए-हैदर, त्यांचं सर्वोच्च शौर्यपदक, दिलं. खिशातून काढायचं असतं तसं खिशात घालायचं पण असतं. फौजेतल्या माणसाला हे समजतं, ट्रंकेवर बसलेल्या वारसांना समजत नाही.

कृष्णाकाठ:
हे शेवटचं वाक्य मला होतं, कळलं. लागलं पण.

गोदाकाठ:
वसईकर, परत द्या हे मला कधीच पटणार नाही. पण नारोशंकराजवळ पाटी हवी, की ही घंटा वसईच्या मोहिमेतली, अमुक साली आली. तेवढं पटतं.

वसईकर:
पाटीवर 'चर्चमधली' हा शब्द असेल तर बोलू.

किल्लेदार:
आणि पोर्तुगीजांनी पाडलेल्या देवळांचा उल्लेख पण त्याच पाटीवर. नाहीतर पाटी नको.

वसईकर:
लिहा. मी कधी नको म्हटलं? मोठी पाटी करा.

सह्याद्री_वारा:
मधेच विचारतो, आमच्याकडे आजोबांनी ब्रह्मदेश आघाडीवरून आणलेल्या जपान सरकारच्या छापील रुपयांच्या नोटा आहेत आणि एक जपानी तलवार. आजोबा ४/५ मराठाचे, मार्च १९४४, मणिपुरातलं सांगशाक. नोटांचं ठीक आहे, तलवारीला लायसन लागतं का?

फौजीची_लेक:
तलवार माळ्यावर टाकून गप्प बसू नका. कुणी तक्रार केली तर पोलीस आर्म्स ॲक्टचं कलम ४/२५ लावतात, फौजीचं घर म्हणून कुणी सोडत नाही. आजोबांचे डिस्चार्जचे कागद घेऊन ठाण्यात जा आणि लेखी पोच घ्या. आणि मुठीचं वेष्टण उलगडायला देऊ नका कुणाला, आत पात्याच्या शेपटावर कधीकधी बनवणाऱ्याचं नाव असतं, ते जाणकारानेच बघावं.

साधा_प्रश्न:
कृष्णाकाठ, फोटोच्या मागचं लिहिलेलं स्कॅन करून बर्लिनच्या बुंडेसआर्काइव्हला, म्हणजे जर्मनीच्या सरकारी दफ्तरखान्याला, पाठवा. वेहरमाख्टच्या (तेव्हाच्या जर्मन सैन्याच्या) शिपायांच्या नोंदी त्यांच्याकडेच आहेत. नुसतं आडनाव निघालं तरी पुरे.

कृष्णाकाठ:
स्कॅन पाठवते. कुणी वारस निघाला आणि त्याने मागितला तर फोटोही देईन, पण स्वतः येऊन न्यायचा, कुरियरने नाही पाठवणार. आमच्या घरी बसायचं, आजोबांचं नाव ऐकायचं, मग न्यायचा. बकल द्यायचं नाही. ते कुणीही मागितलं तरी नाही.